एकधारी सेफ्टी रेझर : नवा महागडा घ्यावा की जुना? पहिल्यांदा निवडणाऱ्यांसाठी

दुधारी सेफ्टी रेझरवर हात बसला की बऱ्याच जणांची नजर एकधारी रेझरकडे वळते. तिथे लगेच दोन वाटा दिसतात. एकीकडे स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले, भरपूर किमतीचे नवे रेझर, तर दुसरीकडे ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीचे पितळी रेझर, ज्यांचा मुलामा थोडा उडालाय पण बिजागरी अजून ठणठणीत आहे. नव्याचं कौतुक करणारे जुन्याला भंगार म्हणतात आणि जुन्याचे चाहते नव्याला उधळपट्टी. नवखा माणूस मधल्या मध्ये गोंधळतो.

मी दोन्ही प्रकार नियमित वापरतो. माझं मत आधीच सांगतो: चांगल्या अवस्थेतला जुना रेझर दाढीच्या गुणवत्तेत नव्याच्या मागे राहत नाही. नव्यात पैसे मोजायचे ते अचूकपणासाठी आणि निर्धास्तपणासाठी. पण तुलना करायची तर ती नीट करावी लागते, आणि त्यासाठी पुढच्या पायऱ्या.

१. आधी पातं ठरवा, रेझर नंतर

एकधारी म्हणून विकले जाणारे सगळे रेझर एकाच जातीचे नाहीत. त्यांची पाती वेगवेगळ्या साच्यांची असतात आणि एका साच्याचं पातं दुसऱ्यात बसत नाही. मुख्य साचे चार:

जेम: मागच्या बाजूला दुमडलेल्या धातूचा कणा असलेलं आखूड पातं. जाडी साधारण ०.२३ मिलिमीटर. जुने एव्हर-रेडी आणि जेम रेझर याच पात्यावर चालतात. नव्यांपैकी ब्लॅकलँडचा सेबर यासाठीच बनवलेला आहे.

इंजेक्टर: कणा नसलेली अरुंद पट्टी. पाती ज्या डबीत येतात तिची किल्ली रेझरच्या खाचेत घालून सरकपट्टी ढकलली की नवं पातं आत जातं आणि जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. जुने शिक इंजेक्टर हे याचं मूळ. नव्यात सप्लाय या कंपनीचे रेझर याच जातीची पाती घेतात.

आर्टिस्ट क्लब: जपानी फेदर आणि काई कंपन्यांची लांब, अतिशय धारदार पाती. मुळात न्हाव्याच्या बदलत्या पात्याच्या वस्तऱ्यासाठी बनलेली. ब्लॅकलँडचा व्हेक्टर आणि रेझोरॉकचा हॉक ही पाती वापरतात.

एफएचएस-१०: फेदरचंच कणा असलेलं छोटं पातं. डोकं हलणाऱ्या वनब्लेड रेझरमध्ये हे लागतं.

इथेच पहिला सापळा. वनब्लेड या नावाने फिलिप्सचं विजेवर चालणारं यंत्रही मिळतं. त्याचा या रेझरशी काही संबंध नाही. शोधताना नाव सारखं दिसलं म्हणून पाती मागवू नका.

दुसरा सापळा जेमच्या पात्यांचा. रंग किंवा काचेवरचे डाग खरवडायची पाती दिसायला हुबेहूब अशीच असतात, त्यांनाही तसाच कणा असतो. ती चेहऱ्यासाठी नाहीत. वेष्टनावर दाढीसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. दाढीच्या जेम पात्यांतही दोन प्रकार येतात. लेप नसलेल्या साध्या कार्बन स्टीलच्या पात्यांवर ओल राहिली तर गंज चढतो. लेप दिलेली स्टेनलेस पाती त्वचेवर जास्त गुळगुळीत सरकतात. नवख्याने दुसरा प्रकार घ्यावा.

तुमच्याकडे जे पातं सातत्याने मिळू शकेल, त्याच साच्याचा रेझर घ्या. पातं मिळेनासं झालं तर टायटॅनियमचा रेझरही शोभेची वस्तू.

२. जाड पात्याने नेमका काय फरक पडतो

दुधारी पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. रेझर आवळला की ते वाकतं आणि त्या बाकामुळेच त्याला ताठपणा येतो. एकधारी पातं त्याच्या दुपटीहून जाड. त्याला वाकवायची गरजच पडत नाही, ते सपाट राहतं. दाट, राठ दाढीत शिरल्यावर धार थरथरत नाही. एकधारीवर लोक भाळतात ते यामुळे, आणि हा गुण जुन्या-नव्या दोन्ही रेझरमध्ये असतो. तो नव्याचा म्हणून कोणी विकत असेल तर समजून घ्या.

मात्र जाड पात्याला चुकीचा कोन सहन होत नाही. दुधारीच्या सवयीने दांडी तिरकी धरून फिरवली तर धार कापण्याऐवजी खरवडते आणि मान लाल होते. त्यावर सातव्या पायरीत सविस्तर.

३. जुन्यांची थोडी ओळख

सेफ्टी रेझर म्हटलं की जिलेटचं नाव निघतं, पण एकधारीची परंपरा त्याहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेला स्टार रेझर एकधारीच होता. त्यात वस्तऱ्याच्या पात्याचा छोटा तुकडा बसायचा आणि त्याला वारंवार धार लावावी लागायची. जिलेटला दुधारी रेझरचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये. त्याच दशकात अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनी उभी राहिली आणि तिचे एव्हर-रेडी आणि जेम रेझर पुढे अनेक दशकं बनत राहिले. जेकब शिक या लष्करी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात, फैरी झाडणाऱ्या बंदुकीत काडतूस सरकतं त्या कल्पनेवरून पाती आपोआप भरणारा रेझर आणला. इंजेक्टर हे त्याचं पुढचं रूप.

नवख्याने यातले तीनच लक्षात ठेवावेत: एव्हर-रेडी १९१२, जेम मायक्रोमॅटिक आणि शिक इंजेक्टर. एव्हर-रेडी १९१२ चं वरचं टोपण बिजागरीवर उघडतं, रचना अगदी साधी. मायक्रोमॅटिकची दांडीखालची कळ फिरवली की डोकं उघडतं. इंजेक्टर तिघांत हलका आणि ओठाच्या वर फिरवायला सर्वांत सोपा.

व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप आणि रोल्स रेझरही समोर येतील. दोन्ही यंत्रं म्हणून अप्रतिम आहेत. ऑटोस्ट्रॉपमध्ये चामड्याचा पट्टा रेझरच्या डोक्यातून ओढून पात्याला धार देता येते, आणि रोल्समध्ये तर दगड आणि चामडं डबीतच बसवलेलं असतं. पण सुरुवात यांच्यापासून करू नका. पात्यांची किंवा धार लावण्याची कटकट आधीच मागे लागली तर दाढी शिकणं बाजूला राहतं.

४. नव्या महागड्या रेझरमध्ये पैसे कशाचे

चांगल्या नव्या रेझरमध्ये पातं प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच कोनात बसतं. धार दोन्ही टोकांना सारखीच बाहेर डोकावते. संगणकाच्या नियंत्रणाखाली धातू कोरून केलेल्या डोक्यात ही अचूकता पहिल्या दिवसापासून असते. स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमवर मुलामाच नसतो, त्यामुळे उडायला काही नाही. भाग सुटे होतात, साबणाचा थर स्वच्छ करता येतो. पडून वाकला तर बदली भाग मिळण्याची शक्यता असते.

एवढं सगळं खरं आहे आणि त्याला किंमत आहे. पण महाग म्हणजे तुमच्या त्वचेला मानवणारा, असं मुळीच नाही. एखाद्या नव्या रेझरची भूमिती आक्रमक असेल तर तो कितीही अचूक बनवलेला असो, तुमच्या मऊ मानेवर रोज ओरखडे काढेल. तेव्हा घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: धार सेफ्टी बारच्या (पात्याखाली त्वचेला टेकणाऱ्या पट्टीच्या) रेषेपुढे किती डोकावते, आणि पातं व बार यांच्यात फट किती आहे. पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची. फट मोठी पण धार झाकलेली, असे रेझर सौम्य वाटतात. फट बारीक पण धार बाहेर आलेली असेल तर टोचतं.

धातूही नीट विचारून घ्या. जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोमचा मुलामा दिलेले रेझर दिसायला स्टीलसारखेच असतात. ते वाईट नाहीत, पण मुलाम्याला चीर पडली की आतला धातू पाण्याने झिजायला लागतो. असा रेझर स्टीलच्या भावात घेऊ नका.

५. जुना रेझर घेताना काय तपासायचं

जुना रेझर चांगला की वाईट हे चकाकीवरून कळत नाही. ते कळतं डोक्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवरून.

जेम प्रकारच्या रेझरमध्ये पुढे, दोन्ही टोकांना, दोन बारीक थांबे असतात. १९१२ चं टोपण बंद करताना मागून दाब येतो आणि पातं पुढे सरकून या दोन थांब्यांना टेकतं. धार किती डोकावणार हे तेच ठरवतात. यातला एक जरी झिजला, वाकला किंवा तुटला असेल तर पातं तिरकं बसतं. केसाएवढ्या फरकाने एका बाजूला धार जास्त बाहेर येते आणि नेमकी त्याच बाजूने हनुवटी कापते. असा रेझर पकडीने सरळ करायचा प्रयत्न करू नका, सोडून द्या.

हातात घेऊन बघायची संधी असेल तर हा क्रम ठेवा.

अ) टोपण पाच-सहा वेळा उघडून बंद करा. शेवटी हलकासा टक् असा आवाज यायला हवा आणि टोपण बोटाने हलवलं तर हलता कामा नये.

आ) सेफ्टी बारवरून नख आडवं फिरवा. कुठे अडकलं तर तिथे खड्डा किंवा गंज आहे, आणि तोच भाग रोज तुमच्या त्वचेवरून जाणार आहे.

इ) डोकं उजेडाकडे धरून समोरून पाहा. बार एका रेषेत आहे का? मध्ये पोक आलेला बार म्हणजे रेझर कधीतरी जोरात पडलेला आहे.

ई) दांडी डोक्याला जोडते त्या सांध्यावर केसासारखी भेग आहे का पाहा. पितळ जुनं झालं की भेग बहुतेक इथेच पडते.

उ) इंजेक्टर असेल तर पातं धरणारी स्प्रिंग बघा. ती सैल पडली असेल तर दाढी करताना पातं आडवं सरकतं.

घरबसल्या मागवणार असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: टोपण उघडून समोरून, दोन्ही कोपरे जवळून आणि मागून बिजागरीचा. फक्त डबीचा आणि बंद रेझरचा सुंदर फोटो दाखवून कोपऱ्यांचा फोटो टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

नव्याने मुलामा चढवलेल्या जुन्या रेझरपासूनही जरा जपून. मुलाम्याआधी धातू घासून गुळगुळीत केला जातो. घासणारा हात जड असेल तर थांब्यांच्या कडा गोल होतात. रेझर आरशासारखा चमकतो, पण पातं सरळ बसत नाही. मला विचाराल तर जागोजागी पितळ दिसणारा, मुलामा उडालेला, पण कोपरे शाबूत असलेला रेझर केव्हाही बरा.

६. जुना रेझर वापराआधी स्वच्छ करणं

दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून फिरलेली वस्तू आहे, तेव्हा ही पायरी गाळू नका.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब टाकून रेझर अर्धा तास बुडवून ठेवा. मग मऊ टूथब्रशने बिजागरी, टोपणाची आतली बाजू आणि थांब्यांच्या मागचे कोपरे घासा. तिथे वर्षानुवर्षांचा साबण दगडासारखा घट्ट झालेला असतो. पातं तिरकं बसत असेल तर कधी कधी दोष थांब्याचा नसतो, या थराचाच असतो, म्हणून निर्णय घासल्यावरच घ्या. लाकडी दातकोरणीने तो निघतो, सुई वापरू नका. स्वच्छ झाल्यावर धातूचा भाग सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि कोरडा करा. दांडी प्लॅस्टिकची किंवा रंगवलेली असेल तर ती अल्कोहोलच्या बाहेर राहील अशी काळजी घ्या.

उकळतं पाणी नको. बेकेलाइट आणि जुनं प्लॅस्टिक तडकतं. ब्लीच नको, मुलामा खातं. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचा सल्ला मिळेल, तोही नको. आम्लात पितळातलं जस्त निघून जातं आणि धातूवर गुलाबी डाग उमटतात, ते पुन्हा जात नाहीत.

७. साहित्य आणि पहिली दाढी

जवळ असावं:

• त्या साच्याची, दाढीसाठीचीच पाती
• ब्रश आणि दाढीचा साबण किंवा क्रीम
• तुरटीचा खडा
• सुका मऊ कपडा
• वापरलेली पाती टाकायला झाकणाची पत्र्याची डबी
• छोटी वही

जेम प्रकारच्या रेझरचा कोन असा शोधा. डोक्याची वरची सपाट बाजू गालाला पूर्ण टेकवा. दांडी तेव्हा चेहऱ्यापासून लांब, जवळपास काटकोनात उभी राहील. आता दांडी अगदी हळू खाली झुकवत रेझर सरकवा. धार केसाला लागली की आवाज येतो. तिथेच थांबा, तो तुमचा कोन. दुधारीपेक्षा दांडी बरीच वर राहते आणि सुरुवातीला हे विचित्र वाटतं.

आवाजाकडे लक्ष द्या. जुन्या पत्र्याच्या पोकळ डोक्यात केस कापल्याची खरखर चांगली घुमते. बरोबर कोनात ती स्वच्छ आणि एकसारखी येते, कोन चुकला की मंदावते, आणि केस कापून झालेल्या जागी जवळजवळ बंद होते. कुठे पुन्हा हात फिरवायची गरज नाही हे कानालाच कळतं. नव्या भरीव धातूच्या डोक्यात हा आवाज दबतो, म्हणून तिथे बोटांनी चाचपून काम करावं लागतं. शिकणाऱ्यासाठी जुन्याचा हा फार मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

वनब्लेडचं डोकं स्वतःच हलून कोन धरतं. तिथे तुम्ही एवढंच करायचं, दाब द्यायचा नाही. आर्टिस्ट क्लबच्या रेझरमध्ये टोपण आणि बार दोन्ही त्वचेला टेकलेले ठेवा. लांब पात्याचं टोक नाकाखाली आणि कानाजवळ जातं, तिथे आखूड हात घ्या.

पहिल्या काही दाढ्या फक्त सुलट्या हाताने, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने करा. दुसरा फेस लावून आडवा हात चालेल. उलटा हात घ्यायची घाई नको, विशेषतः मानेवर, जिथे केस कुठल्याही दिशेला वाढतात.

८. आता खरी तुलना

बहुतेक तुलना इथेच फसतात. जुन्यात कार्बन स्टीलचं साधं पातं, नव्यात आर्टिस्ट क्लबचं कडक पातं, आणि निकाल काय तर नवा रेझर किती पुढे! ही तुलना पात्यांची झाली.

रेझरची तुलना करायची असेल तर दोन्हींत एकच पातं लागतं. जेमच्या साच्यात हे सहज जमतं: १९१२ किंवा मायक्रोमॅटिक एका बाजूला, जेम पातं घेणारा नवा रेझर दुसऱ्या बाजूला. इंजेक्टरमध्येही जमतं. आर्टिस्ट क्लबचा नवा रेझर मात्र जुन्या जेमसमोर ठेवून नवा-जुना असा निकाल देता येत नाही.

पद्धत अशी ठेवा. एकाच पाकिटातली दोन कोरी पाती घ्या, दोन रेझरमध्ये एकेक बसवा. साबण, ब्रश, पाणी तेच. दाढीची वाढ दोन्ही वेळी सारख्या दिवसांची. एक दिवस एक, पुढच्या वेळी दुसरा, म्हणजे दोन्ही पाती सारखीच झिजतात. अर्धा चेहरा एकाने आणि अर्धा दुसऱ्याने करायचा असेल तर पुढच्या वेळी बाजू बदला. आपला एक गाल जात्याच सोपा असतो आणि हाताची पोचही दोन्हीकडे सारखी नसते.

दाढीनंतर तुरटी फिरवा आणि कुठे चुरचुरतं ते वहीत लिहा. रक्त न येताही त्वचा सोलली गेली असेल तर तुरटी ते लगेच सांगते. संध्याकाळी जबड्याखाली बोट उलटं फिरवा आणि खुंट कुठे लागतात तेही टिपा. गुळगुळीतपणा दाढी झाल्या झाल्या मोजला तर सगळेच रेझर उत्तम वाटतात.

एका दाढीवरून मत बनवू नका. कोनाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे द्या आणि तोवर दुधारीला हात लावू नका. दोन कोनांमध्ये हात अडकला की कुठलाच धड जमत नाही.

या पद्धतीने पाहिल्यावर मला जुन्या मायक्रोमॅटिकची दाढी नव्याइतकीच जवळून होताना दिसली. नव्याचं पारडं जड झालं ते मानेवर. धार दोन्ही टोकांना तंतोतंत सारखी असल्याने तिथे हात बिनधास्त फिरतो. जुन्यात पातं भरल्यावर दर वेळी उजेडात एक नजर टाकावी लागते.

९. मग घ्यायचा कुठला

दाढी राठ, त्वचा फारशी कुरकुर न करणारी आणि वस्तू दुरुस्त-साफ करायची आवड असेल, तर शाबूत कोपऱ्यांचा एव्हर-रेडी १९१२ घ्या. पहिल्या एकधारी रेझरसाठी माझी पसंती हीच. त्यात तुम्हाला कोन कळतो, आवाज कळतो आणि सौम्य हवा की आक्रमक हेही कळतं.

त्वचा हळवी असेल, मानेवर पुरळ उठत असेल, तर इंजेक्टर. जुना असो वा नवा, तो या सगळ्यांत मवाळ.

सकाळी घाईत दाढी करायची आहे आणि कोनाचा विचारच नको, तर डोकं हलणारा नवा रेझर. पण त्याला एकाच कंपनीची पाती लागतात, ती वर्षभर पुरतील एवढी आधी मिळतायत का पाहा.

स्टील किंवा टायटॅनियमचा महागडा रेझर दुसरा म्हणून घ्या. तोवर तुमच्या चेहऱ्याला धार किती डोकावलेली चालते हे तुम्हाला ठाऊक झालेलं असेल आणि विक्रेत्याला नेमकं तेच विचारता येईल. घेतल्यावर आधी पातं बसवून उजेडात दोन्ही टोकं तपासा. महाग रेझरमध्येही क्वचित तिरकं पातं बसलेलं निघतं. तसं दिसलं तर एकदाही न वापरता परत करा, कारण वापरलेला रेझर स्वच्छतेच्या कारणास्तव बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत.